साथीचा डबा पुन्हा उघडताना: काय नव्यानं घ्यावं, काय टाकून द्यावं

कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत माळ्यावर नाहीतर कपाटाच्या वरच्या फळीवर एक डबा अजून आहे. २०२० आणि २०२१ मध्ये भरलेला. जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ ला कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं आणि डब्याचं झाकण तेव्हापासून लागलं ते लागलंच. आत निम्मी राहिलेली सॅनिटायझरची बाटली, दोऱ्या सैल झालेले मास्क, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर, कपाळावर धरायची तापाची बंदूक, वाफेचं भांडं आणि कापराची पुरचुंडी असा ऐवज निघतो. पावसाळ्यात फ्लू घरोघर फिरतो आणि उद्या एखादा नवा विषाणू आला तर मेडिकलसमोर पुन्हा तीच रांग लागेल. रांगेत उभं राहून घाईघाईत घेतलेली वस्तू बहुधा चुकीची असते, म्हणून ही पारख साथ नसतानाच करून ठेवलेली बरी.

मत आधीच सांगतो. पैसे घालायचे ते दोन वस्तूंवर: चेहऱ्याला नीट बसणारा मास्क आणि भरवशाचा ऑक्सिमीटर. तिसरी गोष्ट म्हणजे खिडकी, तिला पैसे पडत नाहीत. बाकीच्या वस्तू असल्या तर ठीक, आणि काही तर घरात नसलेल्याच चांगल्या.

ऑक्सिमीटर

डब्यातला जुना ऑक्सिमीटर काढला की आधी सेलचं झाकण उघडा. यात बारीक पेन्सिल सेल दोन असतात आणि ते चार-चार वर्षं आतच राहिले तर फुटून पांढरी पूड धरते. पूड स्प्रिंगवर चढलेली असेल तर कान साफ करायच्या काडीचं टोक व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात किंचित बुडवून पुसा, मग कोरड्या काडीनं पुसा आणि अर्धा तास उघडं ठेवा. नवे सेल टाकूनही आकडा थरथरत असेल किंवा लाल दिवा मंद दिसत असेल तर यंत्राचा हट्ट सोडा. वापर झाला की सेल काढून ठेवायची सवय लावली तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

यंत्राचं काम तसं सोपं आहे. एका बाजूनं लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात, दुसऱ्या बाजूला ते मोजले जातात. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि न धरलेलं हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. त्यातही प्रत्येक ठोक्याला बोटात शिरणाऱ्या ताज्या रक्तामुळे होणारा बदल तेवढा यंत्र निवडून घेतं. ही युक्ती जपानमधल्या निहोन कोहडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांची, १९७४ च्या सुमाराची. म्हणजे यंत्राला ठोका नीट सापडला नाही तर ऑक्सिजनच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. घेताना हीच गोष्ट तपासायची.

दुकानात काउंटरवर बसून असं करा. यंत्र बोटाला लावा, दुसऱ्या हाताच्या मनगटाची नाडी घड्याळ लावून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. यंत्रावरचा नाडीचा आकडा त्याच्या चार-पाच ठोक्यांच्या आत असला पाहिजे. पडद्यावर ठोक्याबरोबर वरखाली होणारी पट्टी किंवा लाट दिसते का ते पाहा. नुसते दोन आकडे दाखवणारं यंत्र घेऊ नका, कारण पट्टी नसली तर आकडा खरा की भरकटलेला हे कळायला मार्ग नाही. २०२१ मध्ये पेन्सिल घालून यंत्र खोटं ठरवण्याचे व्हिडिओ खूप फिरले. त्या परीक्षेवर विसंबू नये. हलत्या वस्तूवरून परतणारा प्रकाश चांगल्या यंत्रालाही क्षणभर फसवू शकतो. नाडी जुळते का, ही परीक्षा जास्त पक्की. शक्य असेल तर आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या यंत्राशी एकदा शेजारी-शेजारी ताडून पाहा आणि फरक किती आला तो खोक्यावर लिहून ठेवा.

आता वापर. ऑक्सिमीटरबद्दलच्या तक्रारी ऐकल्या तर निम्म्याहून अधिक ठिकाणी यंत्र बरं असतं आणि लावण्यात चूक असते. पेशंट जिना चढून आला, लगेच बोट पुढं केलं, आकडा ९१ आला आणि घर हादरलं, असं होतं. आधी पाच मिनिटं शांत बसवा. हात गार असतील तर चोळून गरम करा. जुलै-ऑगस्टच्या सततच्या पावसात म्हाताऱ्या माणसांची बोटं गार पडतात आणि गार बोटात रक्त कमी शिरतं. नखांवर गडद पॉलिश किंवा काळी मेंदी असेल तर ते बोट सोडा. लग्नसराईत दहाही बोटं रंगलेली असतात, तेव्हा पायाचं बोट चालतं किंवा यंत्र बोटावर आडवं फिरवून लावता येतं. मधलं बोट घ्या, नख वरच्या बाजूला, टोक आत टेकेपर्यंत. हात छातीच्या पातळीला मांडीवरच्या उशीवर. उन्हात किंवा तेजस्वी दिव्याखाली बसला असाल तर वर रुमाल धरा. आकडा आला की लगेच लिहू नका. पट्टी एकसारखी उडी मारू लागली आणि आकडा अर्धा-एक मिनिट स्थिर राहिला की मग लिहा.

चांदीच्या किंवा चपलांच्या कामात वर्षं गेलेल्या कारागिरांच्या बोटाची कातडी जाड झालेली असते. त्यांना करंगळीवर किंवा डाव्या हाताच्या अनामिकेवर बरेचदा चांगली लाट मिळते. आणखी एक गोष्ट प्रत्येकानं लक्षात ठेवावी. २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रक्ताच्या थेट तपासणीशी ताडल्यावर असं दिसलं की, रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असूनही यंत्र तो बरा दाखवतं हे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानंही त्वचेच्या रंगाबद्दल सावध केलं. आपल्याकडे सावळ्या वर्णाचीच माणसं जास्त. तेव्हा ९५ दिसतोय आणि माणूस एका वाक्यात दोनदा थांबून बोलतोय, ओठ काळपट पडलेत, तर आकड्याचं ऐकू नका, माणसाकडं बघा. चुलीच्या किंवा गुऱ्हाळाच्या धुरात काम करणाऱ्याचा आणि सतत विडी ओढणाऱ्याचा आकडाही फुगलेला येऊ शकतो, कारण कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन या यंत्राला ऑक्सिजन धरलेल्यासारखंच दिसतं.

आकड्याचं करायचं काय? निरोगी माणसाचा ९५ ते १०० टक्के असतो. भारतातल्या कोरोना उपचारांच्या निकषांत ९० ते ९३ हा मध्यम आजार आणि ९० च्या खाली गंभीर आजार धरला गेला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. या उंचीनं आकडा खाली येत नाही, त्यामुळे "आपल्याकडं एवढा असतोच" असं म्हणून ९२ सोडून देऊ नये. जुना दम्याचा किंवा फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, त्यांनी बरं असतानाच तो मोजून डॉक्टरांना विचारून ठेवावा.

महाराष्ट्राच्या आरोग्य विभागानं २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली होती. ती या यंत्राचा सगळ्यात चांगला उपयोग आहे आणि आजही तेवढीच कामाची आहे. बसून आकडा लिहा. यंत्र बोटालाच ठेवून घरात सपाटीवर, सोप्यात किंवा गच्चीवर, मध्यम चालीनं सहा मिनिटं चाला, जिना नको. पुन्हा आकडा घ्या. एक-दोननं उतरला तर घाबरायचं कारण नाही, तीच चाचणी दिवसातून दोन-तीनदा करत राहा. ९३ च्या खाली गेला, आधीपेक्षा तीनहून जास्त उतरला किंवा चालताना धाप लागली, तर दवाखाना गाठा. साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं चाललं तरी पुरतं. बसल्याजागी दम लागतोय त्यानं किंवा दम्याच्या पेशंटनं ही चाचणी करू नये. बरोबर कोणीतरी हवंच.

यंत्राच्या खोक्यात शाळेची शंभर पानी वही आणि पेन ठेवा. पहिल्या पानावर लक्षणं सुरू झाल्याची तारीख. मग रोज चार वेळा एकेक ओळ: वेळ, ताप, बसून ऑक्सिजन, नाडी, चालून ऑक्सिजन. कोरोनात बिघाड बहुतेकदा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान व्हायचा, त्यामुळे दिवसाचा क्रमांक महत्त्वाचा. सीपीआरच्या, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरांच्या हातात ही वही दिली तर "कधीपासून? किती होता?" यात जाणारा वेळ वाचतो.

किमतीबद्दल इतकंच: जुलै २०२१ मध्ये केंद्रानं ऑक्सिमीटर, डिजिटल थर्मामीटर, रक्तदाबाचं यंत्र, नेब्युलायझर आणि ग्लुकोमीटर यांच्यावरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर बांधला, तेव्हा साथीत अव्वाच्या सव्वा विकलेली यंत्रं खाली आली. छापील किंमत बघा आणि त्यावरही घासाघीस करा. पण पावतीवर यंत्राचा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. बिलाविना घेतलेलं यंत्र बदलून मिळत नाही.

मास्क

जुना मास्क कितीही जपून ठेवला असला तरी आधी त्याची दोरी ताणून पाहा. रबर कडक होऊन बारीक तडे दिसले तर टाका. मास्क आतून चांगला असला तरी सैल दोरीनं तो चेहऱ्याला दाबून बसणार नाही, आणि मास्कचा सगळा खेळ कडेचा आहे. चांगल्या मास्कचं कापड ९५ टक्के कण अडवतं, पण नाकाशेजारी फट राहिली तर हवा सोपा रस्ता धरते आणि फटीतून आत येते. चष्म्यावर वाफ धरते ना, ती फट तिथंच आहे.

काय मागायचं? "एन-९५ द्या" एवढं म्हटलं तर काउंटरवर काहीही येतं. एन-९५ हे अमेरिकेच्या नायोश संस्थेचं मानक, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे अडवायला सगळ्यात अवघड कण किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. आपल्याकडचं मानक आयएस ९४७३. त्यातला एफएफपी-२ हा वर्ग किमान ९४ टक्के अडवतो, व्यवहारात बरोबरीचाच. मास्कवर आयएसआयची खूण, खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक आणि वर्ग छापलेला हवा. तो क्रमांक मोबाइलवर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही हे तिथल्या तिथं दिसतं. दुकानदार यावर कुरकुर करत असेल तर पुढच्या दुकानात जा; लक्ष्मीपुरीपासून राजारामपुरीपर्यंत मेडिकलला तोटा नाही. पिशवीवर नुसतं एन-९५ मोठ्या अक्षरांत आणि मास्कवर एकही क्रमांक नाही, असला मास्क साध्या कापडाच्या भावात मिळाला तरी घेऊ नये.

पुढं प्लास्टिकची गोल झडप असलेला मास्क श्वास सोडायला बरा वाटतो, पण पेशंटच्या तोंडावर तो कुचकामी, कारण सोडलेली हवा न गाळता बाहेर पडते. आरोग्य सेवा महासंचालकांनी जुलै २०२० मध्येच झडपेच्या मास्कबद्दल राज्यांना पत्र लिहून सावध केलं होतं.

घालण्याची रीत बघू. मास्क हनुवटीखालून वर आणा. दोन दोऱ्या डोक्यामागून जाणाऱ्या असतील तर वरची दोरी कानांच्या वरून डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालची मानेवर. अंबाडा असेल तर वरची दोरी त्याच्या वर अडकते आणि उलट चांगली बसते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी मधून बाहेर दाबत न्या. एका हातानं चिमटीत धरली की मध्ये टोक निघतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग दोन्ही तळवे मास्कवर अलगद ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे गार झुळूक लागली तर पुन्हा बसवा. श्वास आत घेताना मास्क थोडा आत ओढला गेला की बसला म्हणायचा. कानाच्या दोऱ्यांचा मास्क असेल तर मानेमागे दोन्ही दोऱ्या जोडणारा प्लास्टिकचा हुक मिळतो. तेवढ्या एका हुकानं सैल मास्क पुष्कळ सुधारतो.

दाढी हा मास्कचा शत्रू. मिशी आतल्या आत मावते, तिला हरकत नाही, पण गालावरचे चार दिवसांचे खुंटही कड उचलतात. घरात पेशंट असेल तर त्याची सेवा करणाऱ्यानं तेवढे दिवस दाढी काढलेली बरी. दुचाकीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं: हेल्मेट काढताना मास्क हमखास सरकतो. हेल्मेट काढल्यावर हात स्वच्छ करा, मास्क पुन्हा बसवा, मगच दुकानात किंवा बँकेत शिरा.

हा मास्क धुवायचा नाही. त्याच्या मधल्या थरातल्या बारीक धाग्यांवर विजेचा भार असतो, कण त्याला चिकटतात. साबण, सॅनिटायझरचा फवारा यांनी हा भार उतरतो, मास्क दिसायला नवा राहतो आणि गाळणं बंद होतं. सॅनिटायझर मारून मास्क "शुद्ध" करणं ही त्या काळातली सगळ्यात महागात पडलेली चूक. त्याऐवजी पाच मास्क घ्या, दोरीवर पेननं सोम ते शुक्र लिहा, वापरून झाला की कागदी पिशवीत घालून खुंटीला लावा आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी काढा. प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर आत घाम मुरतो. एक मास्क फार तर पाच वेळा; त्याआधीही भिजला, मळला किंवा दोरी सैल झाली तर टाका. मृग लागल्यावर बाहेर पडताना एक जादा कोरडा मास्क जवळ हवाच. ओला मास्क श्वासाला जड जातो, मग माणूस तो नाकाखाली ओढतो.

साधा तीन थरांचा सर्जिकल मास्क टाकाऊ नाही. इचलकरंजीच्या घट्ट विणीच्या सुती कापडाचा दोन थरी मास्क त्याच्यावर घातला तर तो कडेनं दाबला जातो आणि बरंच काम होतं. नुसत्या सर्जिकल मास्कलाही दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांना कडेजवळ एकेक गाठ मारून उरलेली चुणी आत खोचली की गालाची फट मिटते. मात्र दोन सर्जिकल एकावर एक किंवा एन-९५ वर आणखी काही, हे करू नका. त्यानं फट कमी होत नाही, श्वास तेवढा कोंडतो. खोका घेतला की एक मास्क कात्रीनं कापून पाहा. आत तीन वेगळे थर निघाले पाहिजेत आणि मधला पातळ पांढरा असला पाहिजे. दोनच निघाले तर खोका परत.

खिडकी आणि पंखा

हवेतून पसरणाऱ्या विषाणूबद्दल केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं मे २०२१ मध्ये सांगितलं की मोठे थेंब दोन मीटरच्या आत पडतात, पण सूक्ष्म कण हवेत दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. मग चार-पाच हजारांचा हवा शुद्ध करणारा छोटा डबा घ्यावा का? एका मोठ्या खोलीला तो पुरत नाही. त्याआधी घरातला टेबलफॅन वापरा. पेशंटच्या खोलीच्या खिडकीत पंखा बाहेर तोंड करून ठेवा आणि दाराखाली चार बोटं फट राहू द्या. खोलीतली हवा बाहेर जाते आणि घरातली हवा त्या खोलीत ओढली जाते; उलट होत नाही. उदबत्तीचा धूर दाराच्या फटीशी धरून पाहा, तो आत ओढला गेला पाहिजे.

कोणती खोली द्यायची यात वारा पाहावा लागतो. पावसाळ्यात कोल्हापुरात वारा पश्चिमेकडून असतो. पेशंटला पश्चिमेची खोली दिली आणि खिडकी उघडली तर वारा तिथली हवा सगळ्या घरात ढकलतो. त्या दिवसांत पूर्वेची खोली द्यावी. पेशंटच्या डोक्यावरचा पंखा जोरात फिरवत त्याचा झोत दाराकडे जाऊ देणं ही नेहमीची चूक. पेठेतल्या जुन्या वाड्यांत मधल्या खोलीला खिडकीच नसते. ती खोली पेशंटला देऊ नका, कितीही थंड असली तरी.

हात आणि फरशी

सॅनिटायझर चार वर्षांचा झाला असेल तर त्यातलं अल्कोहोल उडून गेलेलं असू शकतं, विशेषतः पंप सैल असेल तर. लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात इथेनॉल ८० टक्के किंवा आयसोप्रोपाइल अल्कोहोल ७५ टक्के आहे. घटकांत मिथेनॉल असेल किंवा घटकच छापलेले नसतील तर ती बाटली विष समजावी. तळवा भरून घ्या आणि २० ते ३० सेकंद, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याभोवती, कोरडं होईपर्यंत चोळा. लगेच गॅस पेटवायला किंवा देवापुढं निरांजन लावायला जाऊ नका. अल्कोहोलची ज्योत दिवसा डोळ्यांना दिसतही नाही. घरात असताना साबण आणि पाणीच उजवं आणि स्वस्तही.

फरशीसाठी, दाराच्या कड्यांसाठी आणि संडासासाठी ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं द्रावण, घ्या. एक लिटर पाण्यात २० मिलि, म्हणजे चहाचे चार चमचे, इतकं पुरतं. पुसून दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसा. रोज ताजं करा, कालचं मिश्रण फुकट. संडास धुवायच्या अॅसिडबरोबर हे कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. अंगावर फवारा मारणं, भाजी हायपोत बुडवणं, हे काहीही करायचं नाही. कपिलतीर्थ मंडईतून आणलेली भाजी वाहत्या पाण्याखाली धुतली की झालं.

ताप मोजायची साधनं

कपाळावर धरायची बंदूक दारावर उभ्या राहणाऱ्या रखवालदाराच्या कामाची. उन्हातून आलेल्याचं कपाळ तापलेलं, पावसातून आलेल्याचं गार. दोन्ही वेळा आकडा खोटा. घरी साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, जिभेखाली ठेवा, शिट्टी वाजेपर्यंत तोंड बंद. १००.४ फॅरनहाइटला ताप म्हणायचं. काखेत लावला तर आकडा अर्धा ते एक अंशानं कमी येतो हे वहीत लिहून ठेवा. चहा घेतल्यावर पंधरा मिनिटं थांबा. बंदूक असेलच तर तिच्यात वस्तूचं तापमान आणि शरीराचं तापमान अशा दोन सेटिंग असतात. पहिल्यावर राहिली की सगळ्यांचा ताप ९३ दिसतो.

घरच्या घरी तपासणी

भारतात घरी करायच्या चाचणीला पहिली परवानगी मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या कोव्हिसेल्फला मिळाली. किंमत २५० रुपये ठेवली होती. डब्यात जुनं किट असेल तर तारीख बघून टाकून द्या, मुदत संपलेलं किट "नाही" म्हणालं तरी त्याला किंमत नाही. नवीन वापरताना नाक आधी शिंकरून घ्या. कापसाची काडी दोन्ही नाकपुड्यांत दोन ते चार सेंटिमीटर, प्रत्येकीत पाच वेळा भिंतीला घासून फिरवायची. नाकाच्या दारातूनच काडी बाहेर काढली की चाचणी फुकट जाते. नळीत घोळवून दोन थेंब टाका आणि घड्याळ लावा: १५ मिनिटांनी वाचायचं, २० मिनिटांनंतर दिसलेली रेघ धरायची नाही. लक्षणं असून निकाल "नाही" आला तर दवाखान्यातली आरटीपीसीआर करून घ्या आणि तोवर वेगळंच राहा.

जे घेऊ नये

ऑक्सिजनचा कॅन. १० लिटरचा कॅन मिनिटाला दोन लिटरनं पाच मिनिटांत संपतो. तेवढ्या वेळात १०८ ला फोन लावा.

निळ्या दिव्याची, म्हणजे अतिनील किरणांची पेटी. मोबाइल आणि किल्ल्या तिच्यात ठेवतात, पण जिथं सावली पडते तिथं त्या किरणांचं काही चालत नाही. ओलं फडकं जास्त चांगलं काम करतं.

वाफेचं भांडं, कापराची पुरचुंडी. नाक मोकळं वाटतं, ऑक्सिजन एक टक्काही वाढत नाही. लहान मुलांना उकळत्या पाण्यानं भाजण्याचा धोका मात्र खरा. ऑक्सिजन उतरलाच तर त्यापेक्षा पालथं झोपणं खरोखर मदत करतं. त्याला पाच उशा लागतात: एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडगीखाली. एका बाजूला अर्धा ते दोन तास, मग कूस बदलायची. जेवणानंतर तासभर नाही. गरोदर बायकांनी, मोठा हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा पायात रक्ताची गाठ झालेल्यांनी नाही. आणि हे दवाखान्याचं वाहन येईपर्यंतचं काम आहे, दवाखान्याऐवजी नाही.

हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) विकत घेऊन कपाटात ठेवू नका. डॉक्टरांनी सांगितलं तर सर्जिकलच्या दुकानातून भाड्यानं घ्या. पाच लिटरचं मशीन घेताना मिनिटाला पाच लिटरवर लावून ऑक्सिजनची शुद्धता ९० टक्क्यांच्या वर राहते का हे दुकानदाराला मोजून दाखवायला लावा. काही मशीन दोनवर ९३ देतात आणि पाचवर कोसळतात. साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज खातं, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरवर तीन-चार तासांपलीकडे भरवसा धरू नये. बाटलीतलं पाणी रोज बदलायचं, मागची जाळी आठवड्याला धुवायची आणि देव्हारा त्याच खोलीत असेल तर समई विझवायची.

पुराच्या दिवसांत

जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात साथ आणि पूर एकदमच आले. पंचगंगेच्या काठच्या माणसांना घरं सोडून निवाऱ्यात जावं लागलं. त्यामुळे इथल्या डब्याला एक जादा अट आहे: तो दहा मिनिटांत उचलता आला पाहिजे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पाणी ३९ ला लागलं आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की डबा खाली काढा. मास्क कागदी पिशव्यांसकट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. ऑक्सिमीटर सेल काढून, सेल वेगळ्या पुडीत. वही आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत. हायपोची बाटली बरोबर नेऊ नका, ती गर्दीत सांडते. साबणाची वडी न्या. निवाऱ्यात जागा मिळाली की पेशंटला खिडकीशी झोपवा, आणि सगळ्यांनी एकाच वेळी मास्क उतरवून एकत्र जेवायला बसण्याऐवजी आळीपाळीनं बसा.